विचारलं तरच सांगायचं

संध्याकाळी बाई घरी आल्या, की त्यांचे यजमान, ड्रायव्हरकाका, दार उघडता उघडता विचारायचे, "आज माझं काय केलंस?"

कधी ते घर सोडून पळालेले असत. कधी सगळं एका लांबच्या मावसभावाच्या नावे करून वारलेले असत. कधी शेजाऱ्याच्या कुंपणात गाडी घालून वर त्यालाच दटावून आलेले असत. हे शेवटचं काकांना फार लागायचं. निवृत्त होईपर्यंत शहराची बस चालवली, पण तिला कुठे ओरखडा येऊ दिला नाही, हा त्यांचा अभिमान. मला मारलंस तरी चालेल, म्हणायचे, पण मी गाडी घासली असं चारचौघांत सांगत जाऊ नकोस.

ही काका-बाईंची भांडणं नव्हती, बाईंचं काम होतं. बाईंचा मूळ धंदा कपडे दुरुस्तीचा. चिंचोळ्या गल्लीत एक अरुंद दुकान, खिडकीशी शिलाई मशीन, मध्ये लाकडी काउंटर, आणि पडद्यामागे एक कोठीची खोली. तिथे लोक टाकून विसरलेले कपडे दांडीवर लटकत असत. दुकानापासून हाकेच्या अंतरावर कायद्याचं महाविद्यालय होतं. तिथे बाई खोट्या पक्षकार व्हायला जात. म्हणून सगळे त्यांना पक्षकारबाई म्हणत, आणि पुढे पुढे गिऱ्हाइकंही तेच म्हणू लागली.

हे काम त्यांना मिळवून दिलं मोठ्या जाऊबाईंनी. जाऊबाई महाविद्यालयाच्या कार्यालयात होत्या. वकिलीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात एक तोंडी परीक्षा असते. उमेदवार टेबलाशी बसतो, समोर अडचणीत सापडलेला माणूस येऊन बसतो, आणि उमेदवाराने त्याच्याशी बोलून त्याची अडचण समजून घ्यायची. हा अडचणीतला माणूस कुणीतरी व्हायला लागतो. नटमंडळी बोलावून पाहिली, पण ती इतकी हमसून रडायची, की उमेदवारांना प्रश्न विचारायला वेळच उरायचा नाही. तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, आमच्या धाकटीला बोलवा, ती खोटं बोलताना अजिबात ओळखू येत नाही. बाईंनी ही स्तुतीच मानली.

आता बाईंना ती सगळी वाट पाठ झाली होती. पँट वर करायला आलेल्या गिऱ्हाइकाच्या पायाशी बसून, ओठात टाचण्या धरून, त्या ती समजावून सांगत. कायद्याची पदवी असली तर थेट वकिलीच्या अभ्यासक्रमाला बसता येतं. पदवी दुसऱ्याच कशाची असली तर आधी वर्षभर कायद्याचा वेगळा अभ्यासक्रम करायचा. काहीजण वकिलाच्या कचेरीत कारकुनी करता करता एकेक परीक्षा देत पुढे सरकतात, त्यांना वेळ फार लागतो पण उपाशी राहावं लागत नाही. आणि कुठूनही आलात तरी शेवटी दोन वर्षं एखाद्या जाणत्या वकिलाच्या हाताखाली उमेदवारी चुकत नाही. तेव्हा कुठे सनद मिळते. एवढं सांगून होईपर्यंत पँट टाचून झालेली असायची.

खोट्या पक्षकारांचा एक नियम होता. प्रत्येक प्रकरणाचा एक कागद मिळायचा, त्यात आपण कोण, आपलं काय झालं, रडायचं की चिडायचं, सगळं असायचं. आणि खाली एक चौकट असायची. चौकटीत एकच गोष्ट, पण अशी, की तिच्यामुळे सगळं प्रकरण फिरावं. चौकटीवर लिहिलेलं असायचं: विचारलं तरच सांगायचं. उमेदवाराने नीट विचारलं तर लगेच सांगून टाकायचं, नाही विचारलं तर मूग गिळून बसायचं. उमेदवार गेला, की बाई गुण भरायच्या. सगळ्यात शेवटी प्रश्न असायचा, की पुन्हा अडचण आली तर याच माणसाकडे जाल का.

बाई या नियमाला फार पक्क्या होत्या. घरीसुद्धा चौकट हा शब्द रुळला होता. भाची लग्न ठरल्याचं सांगायला आली आणि मुलाचं शिक्षण, नोकरी, उंची सगळं सांगून गप्प बसली, तेव्हा काका म्हणाले, आता चौकटीतलं सांग. मुलगा आधी एकदा लग्न मोडून बसलेला निघाला. भला निघाला पुढे, तो भाग वेगळा.

एका वर्षी परीक्षेला एक औषधवाला आला. तिशी उलटलेला, नीटनेटका, बऱ्याच वर्षांपासून औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभा राहिलेला. तिथला कंटाळा आला म्हणून वर्षभराचा कायद्याचा अभ्यास करून तो वकिलीच्या अभ्यासक्रमाला आला होता. त्या दिवशी कागदावर बाईंना शेजारच्या घरातलं कुत्रं चावलं होतं. बाई पोटरीवर हात ठेवून लंगडत आत आल्या, बसल्या आणि डोळे पुसत सांगू लागल्या. औषधवाल्याने अर्धंच ऐकलं. चिठ्ठी हातात आली, की फळीवरचा डबा काढून पुढे सरकवायचा, ही त्याची सवय. कुत्रं, चावा, शेजार, एवढं कानावर पडताच त्याने उत्तर पुढे सरकवलं. कुत्र्याच्या मालकाला कडक नोटीस पाठवू, भरपाई मागू, दिली नाही तर दावा लावू. कायदा सगळा बरोबर होता. बोलणंही गोड होतं. पण चौकटीतलं त्याने काही विचारलं नाही. त्या चौकटीत काय होतं ते बाईंनी काकांनासुद्धा सांगितलं नाही, तेव्हा इथेही आत्ताच सांगता येणार नाही. बाईंनी शेवटच्या प्रश्नापुढे लिहिलं: नाही.

औषधवाला नापास झाला. निकालानंतर तो जिन्यात बाईंची वाट बघत उभा होता. त्याने तक्रार केली नाही. एवढंच विचारलं, की माझं काय विचारायचं राहिलं. बाईंना वाईट वाटलं, पण तेच प्रकरण पुढच्या तुकडीला वापरायचं होतं, सांगायची सोय नव्हती. त्यांनी खाली पाहिलं, तर त्याच्या पँटच्या एका पायाची दुमड उसवून कापड बुटावर आलेलं. उद्या दुकानात घेऊन या, त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तो खरंच आला. परीक्षेचं कुणीच काढलं नाही. बाईंनी पँट घेतली, उलटसुलट करून बघितली आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला म्हणत तेच म्हणाल्या, "अजून काही राहिलंय का? आठवून बघा. मला घाई नाही."

गिऱ्हाईक आधी नाही म्हणतं, हा बाईंचा अनुभव. मग दारापर्यंत जातं, थांबतं, आणि पिशवीतून खरा कपडा काढतं. बापाचा जुना कोट असतो, नाहीतर अंगावर न मावणारा लग्नातला पोशाख असतो, दाखवायची लाज वाटत असते. औषधवाल्याचंही तेच झालं. दारातून परत येऊन त्याने कोटाचं अस्तर दाखवलं, चारी बाजूंनी फाटलेलं. हाच एक कोट आहे, म्हणाला, आणि पुढच्या वेळीही हाच घालायचा आहे. बाईंनी नवं अस्तर लावून दिलं. पुढच्या वेळी तो दुसऱ्या एका खोट्या पक्षकारापुढे बसला आणि पास झाला, असं जाऊबाईंकडून कळलं. नंतर तो कुठे उमेदवारीला गेला ते बाईंनी विचारलं नाही.

मग दुकानाचे म्हातारे मालक वारले आणि हे दुकान आणि शेजारचा गाळा त्यांच्या भाच्याकडे आला. भाच्याने आल्या आल्या नोटीस दिली, उन्हाळा संपेपर्यंत जागा रिकामी करा. म्हाताऱ्या मालकांशी लेखी काहीच नव्हतं, सगळा तोंडी मामला. उन्हाळा संपला, कुणी आलं नाही. मग एक दिवस भाचाच कारागीर घेऊन आला. रस्त्याकडचं मोठं दार दोन्ही गाळ्यांचं मिळून एकच होतं आणि त्याचं कुलूप अडकायचं. भाच्याने कुलूप बदललं, एक नवी किल्ली स्वतः बाईंच्या हातात ठेवली आणि म्हणाला, सकाळी तुम्हीच उघडत जा, मला लवकर उठवत नाही. बाईंचा जीव भांड्यात पडला. त्या रोज दार उघडू लागल्या. आणि थंडी सुरू होताना भाचा मोजपट्टी घेऊन उगवला. दोन्ही गाळे एक करून कॉफी आणि केकचं दुकान काढायचं होतं. महिनाअखेर निघा, म्हणाला, नोटीस तर कधीच दिली होती.

दुकान गेलं तर बाईंचं काय जाणार होतं, हे काकांना नीट ठाऊक होतं. घरात बसलेल्या बाई त्यांनी एकदाच पाहिल्या होत्या, हात मोडला होता तेव्हा. त्या काळात त्यांनी पडदे तीनदा उसवून पुन्हा शिववले होते, काकांकडून. खरं सांगायचं तर काकांनाही भीती वाटत होती.

बाई एका मोठ्या वकिलांकडे गेल्या. काचेचं दार, टेबलावर पाण्याचा जग, वकील सभ्य. त्यांनी विचारलं, लेखी करार आहे का. नाही. नोटीस मिळाली का. मिळाली. मुदत संपली का. संपली. मग प्रश्नच मिटला, ते म्हणाले, नवी जागा बघायला लागा. बाई हात मांडीवर ठेवून अजून जरा वेळ बसून राहिल्या. वकिलांनी पेन मिटलं. बाईंनी आभार मानले आणि जिना उतरता उतरता सवयीने गुण दिले: आल्यावर उभे राहिले, डोळ्यांत बघून बोलले, शेवटचं मात्र विचारलं नाही.

घरी काकांनी विचारलं, "किल्लीचं काय म्हणाले?"

"त्यांनी विचारलंच नाही."

काकांनी कपाळाला हात लावला. "अगं, ते परीक्षेला बसले नव्हते. तू अडचणीत होतीस."

बाईंना आधी हसू आलं आणि मग रडू. इतकी वर्षं दुसऱ्यांची दुःखं त्या व्यवस्थित सांगत आल्या होत्या, आणि स्वतःचं सांगायची वेळ आली तेव्हा चौकट झाकून बसल्या. त्यांना स्वतःचाच राग आला. काका गडबडून म्हणाले, दुसऱ्या वकिलाकडे जाऊ. महाविद्यालयाच्या तळमजल्यावर एक सल्ला केंद्र होतं. तिथे उमेदवारी करणारी मुलं लोकांची गाऱ्हाणी ऐकत आणि एक अनुभवी वकीलमॅडम कोपऱ्यात बसून लक्ष ठेवत. काकांनी बाईंकडून वचन घेतलं, की आत गेल्यावर नमस्काराच्याही आधी किल्लीचं सांगायचं. बाई रस्ताभर किल्ली, किल्ली असं पुटपुटत गेल्या.

आत टेबलाशी औषधवाला बसला होता.

बाईंना बघताच त्याची पाठ ताठ झाली. त्याने कोपऱ्यातल्या मॅडमकडे एक चोरटी नजर टाकली आणि काय ते ओळखल्यासारखी मान हलवली. उमेदवारीतही न सांगता परीक्षा घेतात, असं त्याने कुठेतरी ऐकलं होतं. तो उठून उभा राहिला, बसा म्हणाला, कोरा कागद ओढला, तारीख घातली आणि पेन उचललं. पेन उचललेलं दिसलं आणि बाईंच्या तोंडाला कुलूप लागलं. किल्ली हा शब्द जिभेवर होता, पण जीभच वळेना. आणि तोंडातून परीक्षेतल्या आवाजात निघालं, "माझं एक दुकान आहे."

औषधवाल्याने या वेळी घाई केली नाही. करार, नोटीस, मुदत, दुकान किती वर्षांचं, रोज कोण येतं, सगळं विचारलं. दुकान सुटलं तर तुम्ही काय कराल, असंही विचारलं. तेव्हा बाईंना खरंच रडू आलं. औषधवाल्याने शिकवल्याबरहुकूम रुमालांचा डबा पुढे केला आणि मनात म्हणाला, बाई पूर्वीपेक्षा चांगलं करायला लागल्या आहेत. त्याच्या चेहऱ्यावरून बाईंच्या ते लक्षात आलं. पण आपण खरं रडतोय हे या माणसाला कसं पटवायचं ते त्यांना सुचेना. रडताना त्याने त्यांना आधीही पाहिलं होतं.

मग औषधवाल्याने पेनला टोपण लावलं, पेन बाजूला ठेवलं आणि खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "अजून काही राहिलंय का? आठवून बघा. मला घाई नाही."

बाईंनी मान वर करून बघितलं. हे बोलणं कुठलं ते त्यांना चटकन कळलं. पुस्तकात नव्हतं, कुठल्या वर्गात कुणी शिकवलं नव्हतं. लाकडी काउंटरमागे उभं राहून त्या स्वतःच रोज ते म्हणत होत्या. त्यांनी पर्समध्ये हात घातला आणि किल्ली टेबलावर ठेवली. दाराचं कुलूप मालकाने मुदत संपल्यावर स्वतः बदललं, म्हणाल्या, आणि किल्ली स्वतः माझ्या हातात दिली, सकाळी तुम्हीच उघडत जा म्हणून.

औषधवाला किल्लीकडे बघत राहिला. खोटे पक्षकार कधीच काही घेऊन येत नाहीत. वस्तू हरवतात म्हणून महाविद्यालयाचा तसा दंडकच होता, सगळं नुसतं तोंडी.

"ही किल्ली खरी आहे?" त्याने विचारलं.

"खरी आहे."

"म्हणजे दुकानही?"

"तेही खरं आहे."

"आणि मघाशी तुम्ही रडलात..."

"ते पण."

त्याने मॅडमकडे वळून विचारलं, ही परीक्षा नाही का. कसली परीक्षा, मॅडम म्हणाल्या. औषधवाल्याने कागद बाजूला सारला, दुसरा घेतला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा विचारायला घेतलं. मघाशी तो बिनचूक होता, आता अडखळत होता, दोनदा तर त्याने बाईंचा पत्ताच चुकीचा लिहिला. बाईंना हा दुसरा औषधवाला जास्त आवडला. मध्येच थांबून त्याने विचारलं, की तेव्हा तुम्ही मला नापास केलंत, मग आता माझ्याकडे का आलात. बाई खोटं बोलू शकल्या असत्या, पण आज तो दिवस नव्हता. आज इथे तुम्हीच बसला होतात, त्या म्हणाल्या.

मॅडम कोपऱ्यातून उठून आल्या आणि त्यांनी किल्ली हातात घेतली. मुदत संपल्यावर मालक स्वतः किल्ली देऊन रोज दार उघडायला सांगत असेल, तर जुनी नोटीस त्यानेच सोडून दिली असं आपण ठामपणे म्हणू शकतो, त्या म्हणाल्या. आता त्याला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल. पत्र औषधवाल्याने लिहिलं. पहिल्या मसुद्यात त्याने भाच्याला बरंच झोडपलं होतं. मग त्यानेच ते खोडलं आणि भाच्याला बोलायला बोलावलं.

भाचा तणतणत आला. औषधवाल्याने त्याला बसवलं, त्याचंही सगळं ऐकलं आणि शेवटी त्यालाही तेच विचारलं, अजून काही राहिलंय का. भाच्याने नाही म्हटलं, उठला, दारापर्यंत गेला आणि परत आला. त्याला पूर्ण गाळा नकोच होता. केकची भट्टी ठेवायला मागे जागा नव्हती, एवढीच अडचण होती, आणि मागची कोठी मागायला गेलो तर बाई नाही म्हणतील असं त्याला वाटलं होतं. त्याने मागितलीच नव्हती, मग बाई नाही कधी म्हणणार. कोठी भाच्याला गेली, दुकान बाईंना राहिलं, आणि या वेळी करार लेखी झाला. दांडीवरच्या बेवारशी कपड्यांपैकी एक कोट भाच्यालाच बेतल्यासारखा बसला.

उमेदवारीची दोन वर्षं संपली आणि औषधवाल्याला सनद मिळायची ठरली. त्या समारंभाला काळा गाऊन लागतो. तो त्याने कुणाचा तरी जुना मिळवला आणि खांद्यावर टाकून बाईंच्या दुकानात आला. मागच्या भिंतीतून केकचा वास येत होता. काका काउंटरशी कॉफी पीत बसले होते. बाईंनी त्याला स्टुलावर उभं केलं, गाऊन घोट्यापर्यंत वर घेतला आणि टाचण्या लावत खालून विचारलं, "अजून काही राहिलंय का?"

"राहिलंय," तो म्हणाला. "त्या कुत्र्याच्या प्रकरणात चौकटीत काय होतं?"

काकांनी कप खाली ठेवला. त्यांनाही ते इतकी वर्षं हवं होतं. बाईंनी क्षणभर विचार केला. ते प्रकरण आता परीक्षेतून काढून टाकलं होतं. आणि त्याने सरळ विचारलं होतं. त्यांनी ओठातल्या टाचण्या काढून हातात घेतल्या.

"कुत्रं माझ्या सख्ख्या बहिणीचं होतं. शेजारच्या घरात तीच राहायची. मला भरपाई नको होती. ती एकदा घरी येऊन, पाय कसा आहे, एवढं विचारून गेली असती तरी पुरे होतं."

औषधवाल्याने स्टुलावरून वाकून बाईंकडे पाहिलं. "आणि मी तिला नोटीस पाठवत होतो," तो म्हणाला.

"कडक," बाई म्हणाल्या. "आता सरळ उभे राहा, नाहीतर डावी बाजू खाली राहील."